गिरणीकडचं दार

नवं ऑफिस उघडल्यावर तिसऱ्या दिवशीही कोणी आलं नाही, तेव्हा उपळेकरबाई काचेकडे बघत म्हणाल्या, "समोरची रसवंती फार छान दिसते हो इथून."

मी खूश झालो. सत्ताविसाव्या वर्षी माणूस कशानंही खूश होतो.

"तीच तर कल्पना आहे, बाई. बाहेरचं आत येतं, आतलं बाहेर जातं."

"बाहेरचं काय आत येतंय?"

"प्रकाश."

"हो, तो येतोय," बाई म्हणाल्या. "तो एकटाच येतोय."

ही चौऱ्याण्णव सालच्या मार्चातली, ऐन लग्नसराईतली गोष्ट. मिरजेच्या त्या गल्लीत बाईंचं 'गाठीभेटी वधूवर सूचक केंद्र' बावीस वर्षं चालू होतं. मी पुण्याहून अंतर्गत सजावटीचा डिप्लोमा घेऊन आलेलो. दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली बाथरूमच्या फरश्या मोजल्या होत्या, आणि स्वतःच्या नावावरचं हे पहिलं काम होतं. तिकडे सांगलीत एक नवीन विवाह मंडळ निघालं होतं. तिथे एसी होता आणि कॉम्प्युटर होता. कॉम्प्युटर चालत नसे, पण त्याच्यावर झालर लावलेलं कव्हर होतं आणि लोकांना तेवढं पुरत होतं. आता आपणही काळाबरोबर जायला हवं, असं बाईंच्या भाच्यानं त्यांच्या मनात भरवलं आणि मला बोलावलं.

जुनं ऑफिस पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला अक्षरशः भरून आलं. इतकं वाईट ऑफिस आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हतं. रस्त्याकडे अरुंद दार, त्यावर सतरंजीइतका जाड पडदा. आत एक पिवळा बल्ब. चार लोखंडी कपाटं भिंतीला लावायची सोडून खोलीच्या मधोमध उभी, तीही वाकडीतिकडी. त्यांच्यामुळे खोलीचे तीन अंधारे कोनाडे झालेले, प्रत्येकात एक बाकडं. बाईंच्या टेबलापर्यंत पोचायला माणसानं आधी डावीकडे, मग उजवीकडे आणि मग पुन्हा डावीकडे वळायचं. मागच्या भिंतीत आणखी एक दार होतं, ते थेट शेजारच्या चौगुल्यांच्या पिठाच्या गिरणीत उघडायचं. त्यातून दिवसभर पीठ उडत यायचं आणि स्थळांच्या फायलींवर बसायचं.

"ही कपाटं अशी मधे का?" मी विचारलं होतं.

"ती तिथंच बरी पडतात," बाई म्हणाल्या होत्या.

मी वहीत लिहिलं : 'नियोजनाचा संपूर्ण अभाव.'

दोन महिन्यांत मी त्या खोलीचा उद्धार केला. रस्त्याकडची भिंत पाडून जमिनीपासून छतापर्यंत एकसंध काच बसवली. आत आरशासारखी गुळगुळीत पांढरी फरशी. कपाटं चौगुल्यांच्या मागच्या अंगणात भंगारवाल्याची वाट बघत उभी. मधोमध एकच गोल टेबल आणि भोवती सहा खुर्च्या, कारण लग्न म्हणजे संवाद. बाईंना मी 'पारदर्शकता' हा शब्द इतक्या वेळा ऐकवला, की एकदा त्यांनी मला पाणी विचारताना "पारदर्शक देऊ की सरबत?" असं विचारलं.

फक्त एका गोष्टीवर त्या अडखळत होत्या.

"आणि मागचं दार?"

"बुजवायचं, बाई. तिथे आपण तांब्याच्या पत्र्याचं एक शिल्प लावतोय. एकमेकांत गुंतलेले दोन हात."

आठवड्यानं पुन्हा, "मागच्या दाराचं काय ठरलं?" त्यानंतर आठवड्यानं पुन्हा. तिसऱ्यांदा मी त्यांना समजावून सांगितलं, की वास्तूला दोन तोंडं असली की ऊर्जा गळते. मला वास्तुशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गिऱ्हाइकाला कळतं अशी माझी समजूत होती.

"बरं," बाई म्हणाल्या.

आता माझ्या घाईचं कारण सांगतो. एका प्लायवूड कंपनीनं लहान कार्यालयांच्या सजावटीची स्पर्धा ठेवली होती. जिंकणाऱ्याला त्यांच्या सहा जिल्ह्यांतल्या डेपोंचं काम मिळणार होतं. म्हणजे फरश्या मोजण्यातून माझी कायमची सुटका. माझं ऑफिस शेवटच्या पाचांत आलं होतं. येत्या रविवारी दुपारी बारा वाजता कोल्हापूरचे आर्किटेक्ट हिरेमठ परीक्षक म्हणून ते प्रत्यक्ष बघायला येणार होते. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या धाकानं लोक जिन्याच्या पायऱ्या पुन्हा बांधतात असं ऐकून होतो.

चौथ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, चौगुले अण्णा गिरणीतून आले. भुवयांपासून पायापर्यंत पांढरे. माझ्या फरशीवर त्यांच्या पावलांचे ठसे उमटले. ते चार दिवसांतले पहिले ठसे होते.

"ओ इंजिनेर," ते म्हणाले, "ते दार बुजवल्यापासून माझं दळण निम्म्यावर आलंय."

"दाराचा आणि दळणाचा काय संबंध?"

अण्णांनी बाईंकडे बघितलं. बाई फाईल चाळायला लागल्या.

"तुमचं लगीन झालंय?" अण्णांनी मला विचारलं.

"नाही."

"मग बरोबर. आवो, पोरीचं लगीन जमवायला चाललोय असं गल्लीत सांगत कोण येतंय? जमलं तर ठीक. नाही जमलं तर उद्या चारचौघांत विचारणा, काय हो, काय झालं त्या स्थळाचं? म्हणून बाया हातात पिठाचा डबा घेऊन निघायच्या. दळणाला चाललेय. पुढनं गिरणीत, गिरणीतनं त्या दारानं बाईंच्याकडं. बोलणं झालं की परत डबा उचलायचा आन् घरी."

"पण दळायला तर आणायच्या ना काहीतरी?"

"आणायच्या की! त्या वकीलबाई एकच गहू चार वेळा दळून घेऊन गेल्या. शेवटी तर पीठच घेऊन यायला लागल्या. मी म्हटलं, बाई, आता ह्याचं काय करू? तर म्हणतात, जरा बारीक करा."

अण्णा गेल्यावर मी बाईंकडे वळलो. "हे तुम्ही मला आधी का सांगितलं नाहीत?"

"तीनदा विचारलं मी."

"विचारलंत. सांगितलं नाहीत."

"शेडबाळे," बाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्या धंद्यात सांगत नसतात. मुलाची नोकरी गेलीय असं मी कुणाला सांगत नाही. मुलगा सध्या घरीच असतो, चालेल ना, एवढं विचारते. शहाण्याला कळतं."

मी शहाणा नाही हे त्यांनी सांगितलं नाही. माझं त्यांनी केलेलं कौतुक एवढंच.

"आणि ती कपाटं?"

"एका वेळी तीन घरं आत असायची. तिघांनाही वाटायचं, आपण एकटेच आहोत. एकानं नाकारलेली मुलगी पलीकडच्या बाकड्यावर दुसऱ्यांशी बोलत असायची आणि नाकारणाऱ्याला पत्ता नसायचा. दीड वर्ष लागलं मला त्यांच्या जागा ठरवायला. एक कपाट तर मी अकरा वेळा हलवलं."

मी सरळ मुद्द्यावर आलो. "बाई, रविवारपर्यंत थांबा. परीक्षक येऊन जाऊ देत. सोमवारी सकाळी मी स्वतः येऊन दार फोडून देतो."

"रविवारी खटावकरांचं आहे."

खटावकर म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांची शैला हायस्कुलात शिकवायची, वय एकतीस. तीन ठिकाणी नकार आलेला. आता जमखंडीचं एक स्थळ आलं होतं. मुलगा हुबळीला रेल्वेत होता, फक्त रविवारी मिरजेत उतरणार होता आणि दुपारच्या गाडीनं परत जाणार होता. सकाळी अकराला दोघांनी इथं भेटायचं ठरलं होतं. घरी बोलावलं की शेजारी खिडकीत येतात, म्हणून इथं.

"मग येऊ देत की," मी म्हणालो. "उलट परीक्षकांना चालू ऑफिस दिसेल." आणि मनातल्या मनात मी शैला खटावकरला काचेजवळच्या खुर्चीत बसवलंसुद्धा. तिथे उजेड चांगला पडायचा.

"बरं," बाई म्हणाल्या.

त्यांच्या 'बरं'चा अर्थ मला अजून कळत नव्हता.

शनिवारी दुपारी मी काच पुसून घेत होतो. समोर रसवंतीत पांढरी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांनी एक ग्लास रस प्यायला. आमच्या काचेकडे बघितलं. दुसरा मागवला. पुन्हा बघितलं. तिसऱ्या ग्लासाला रसवंतीवाल्यानं त्यांना वेगळ्या नजरेनं पाहिलं. चौथ्याला ते उठले, रस्त्याच्या मध्यापर्यंत आले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि परत जाऊन बाकड्यावर बसले.

"खटावकर," बाई खुर्चीतूनच म्हणाल्या. "त्यांना साखरेचा त्रास आहे."

मी तसाच रस्ता ओलांडला. "काका, नमस्कार. या ना आत. सगळं नवं केलंय."

"मी रस प्यायला आलोय," खटावकर म्हणाले.

"उद्याचं बोलायचं असेल तर..."

"उद्याचं काय? उद्या काही नाही." त्यांनी आजूबाजूला बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "ती काच तुम्ही लावलीत?"

"हो," मी जरा अभिमानानंच म्हणालो.

"छान आहे. आत काय विकणार?"

"विकणार? काका, तुम्हाला ठाऊक आहे, ते केंद्र..."

"मला वाटलं साड्यांचं दुकान. काचेत बाहुल्या असतात ना, तसल्या." त्यांनी ग्लास बाकड्यावर ठेवला. "हे बघा, तुमचं वय लहान आहे. माझ्या शैलाला तीनदा नकार आला. तिन्ही वेळा ती त्या गिरणीच्या दारानं गेली आणि त्याच दारानं आली. दुसऱ्या दिवशी ताठ मानेनं शाळेत गेली. पोरांना गणित शिकवलं. गावात एका माणसाला कळलं नाही. आता चौथ्यांदा तिला काचेत बसवू? समोर लोक रस पितायत, आणि ती..." त्यांनी टोपी सारखी केली. "बाईंना सांगा, उद्याचं जमत नाही. मुलाला म्हणावं परस्पर हुबळीला जा."

आणि त्यांनी पाचवा ग्लास मागवला. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः पिऊन टाकला. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही.

"अकरा वाजता या," मी म्हणालो. "गिरणीतून."

संध्याकाळी पाचला मी गवंडी आणला. तांब्याचे दोन हात भिंतीवरून उतरवले. ते इतके पक्के गुंतले होते, की दारातून बाहेर काढताना एक अंगठा मोडला. दार फोडलं. काचेला आतून चुना फासला, बाहेर 'रंगकाम चालू आहे' अशी पाटी लावली आणि रस्त्याकडच्या दाराला कुलूप घातलं. रविवारी सकाळी मी, अण्णा आणि त्यांचे दोन हमाल, आम्ही कपाटं आत ढकलायला लागलो. बाई मधे उभ्या राहून हातानं दाखवत होत्या. "अजून वीतभर. नाही, तिकडून तोंड दिसतं. हं. आता तिरकं." बावीस वर्षांत कुणी त्यांना नकाशा काढायला शिकवलं नव्हतं, आणि बाई इंचाइंचानं बरोबर होत्या.

परीक्षक बाराला येणार होते. त्यांना बाहेरच गाठून सगळं सांगायचं आणि माफी मागायची, असं मी ठरवलं होतं. सहा डेपो गेल्यात जमा होते.

अकराला पाच मिनिटं कमी असताना खटावकर आले. शैलाच्या हातात डबा होता. जमखंडीची मंडळी त्यांच्या आधीच आली होती. मुलाच्या काखेत ज्वारीची पिशवी होती. ती त्यानं शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. दोघं डावीकडच्या कोनाड्यात बसली, वडीलमंडळी मधल्या कोनाड्यात. आणि नेमकं तेव्हा शैलाच्या आडोशाचं कपाट सरकायला लागलं.

माझी आरशासारखी फरशी. तिच्यावर ते अडीच मणाचं धूड बर्फावरून घसरावं तसं हळूहळू निघालं होतं. मी त्याला पाठ लावून उभा राहिलो. हललो की ते हलणार, आणि ते हललं की शैला खटावकर दिसणार. मला हलता येईना, बोलता येईना. फक्त ऐकू येत होतं.

डावीकडून मुलाचा आवाज आला, "माझी बदली होत असते. चालेल तुम्हाला?"

"माझीही होते," शैला म्हणाली. "तुम्हाला चालेल?"

मुलगा हसला. त्या हसण्यात नकार नव्हता, एवढं माझ्यासारख्यालाही कळलं.

तेवढ्यात गिरणीच्या बाजूनं अण्णांचा आवाज आला. "पुढनं बंद आहे साहेब, हिकडनं जावा. आन् रिकाम्या हातानं कुठं निघालात? हा घ्या डबा. धरा हातात. नवीन दिसताय."

पावलं जवळ आली. खुर्ची सरकली. बाई आल्या.

"बसा. पाणी घ्या. दारात थोडं पीठ उडतं, कोटावरचं झटकू नका, पसरतं. जन्मवेळ?"

"माझी?" एक जाडसर, खर्जातला आवाज.

"तुमचीच. दुसऱ्या कुणासाठी आलात?"

"मी हे ऑफिस बघायला आलोय. माझं नाव हिरेमठ. सांगलीचं काम लवकर आटपलं म्हणून..."

माझी पाठ कपाटाला चिकटली.

"बघा ना," बाई प्रेमानं म्हणाल्या. "पहिल्या खेपेला सगळे ऑफिसच बघायला येतात. एक जण वीजमीटर बघायला आले होते. त्यांना आता दोन मुली आहेत. मंडळी काय करतात?"

मी मनात म्हणत होतो, आता हा माणूस उठेल, ओरडेल, कपाटापलीकडे येईल.

"मंडळी नाहीत," हिरेमठ म्हणाले. "सहा वर्षं झाली."

"मुलंबाळं?"

"एक मुलगा. तो दिल्लीला."

"जेवणाचं?"

"मीच करतो. एकट्यापुरतं. आमटी उरते."

"आमटी उरतेच," बाई म्हणाल्या. "वय?"

"बावन्न. पण हे बघा, मी खरोखर त्या..."

"मोठ्यानं बोलायची गरज नाही. इथं कुणाला काही ऐकू जात नाही. जन्मवेळ?"

गिरणीचा पट्टा फिरत होता. त्याच्या घरघरीत समोरच्याखेरीज कुणाला काही ऐकू जात नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मला मात्र कपाटाच्या पत्र्यातून शब्द न् शब्द येत होता.

"पहाटे चार पस्तीस," हिरेमठ म्हणाले. आणि जरा थांबून, "बेळगाव."

"अपेक्षा?"

"अपेक्षा कसली आता या वयात. टेबलावरचे नकाशे आवरू नयेत. एवढंच."

पाऊण तास ते आत होते. खटावकर गेले, पाच मिनिटांनी जमखंडीची मंडळी गेली. जाताना खटावकरांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण माझ्या पायापाशी दार फोडताना निघालेली एक वीट होती, ती कपाटाखाली सरकवून गेले. मी पाठ सरळ केली आणि वळलो, तर समोर हिरेमठ. उंच, जाड चष्मा, खांद्यावर पीठ, हातात डबा.

"शेडबाळे तुम्हीच?"

"हो, सर."

"फोटोत काच होती."

"आहे, सर. चुन्याच्या मागे."

त्यांनी कपाटं बघितली. वाकून कोन बघितले. डावीकडच्या कोनाड्यात डोकावले, मधल्यात डोकावले, माझ्या जागी उभे राहिले, खाली बसले, पुन्हा उठले. मग हळूच म्हणाले, "इथे मघाशी कुणीतरी होतं."

"कुणी नव्हतं, सर."

"मला एक मुलगी दारातून जाताना दिसली."

"कुणी नव्हतं, सर."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. चष्म्याआड काहीतरी सैल झालं. "म्हणजे मी सुद्धा..."

"तुम्ही सुद्धा नव्हतात, सर."

"हं." त्यांनी एका कपाटावर थाप मारली. "तीस वर्षांत असा प्लॅन बघितला नाही. एक इंच वाया नाही. कुणाचा?"

"बाईंचा."

"वाटलंच," ते म्हणाले. "तुमचा असता तर मधे कुठेतरी रोपाची कुंडी असती."

त्यांची गाडी पुढच्या रस्त्यावर उभी होती. ते गिरणीतून, लांबच्या बोळातून वळसा घालून गेले.

महिन्याभरानं स्पर्धेचा निकाल छापून आला. पहिलं बक्षीस इचलकरंजीच्या एका दातांच्या दवाखान्याला होतं. खाली पाचही नावं आणि त्यापुढे परीक्षकांचा अभिप्राय. माझ्या नावापुढे एकच ओळ होती : 'काही कारणानं परीक्षक या ठिकाणी पोचू शकले नाहीत.'

मी तो कागद घेऊन बाईंकडे गेलो. गिरणीतूनच. त्यांनी चष्मा लावला, ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि घडी घालून माझ्या हातात दिली. तिन्ही कोनाड्यांत माणसं होती. तिन्हीकडून हळू आवाजात बोलणं चाललं होतं.

"बरोबर लिहिलंय की," बाई म्हणाल्या. "इथं येतंच कोण?"